हाडाला आडनाव नसतं

१२ फेब्रुवारी

मा. विभागप्रमुख साहेब,

आपण गेल्यामुळे सकाळची मीटिंग बंद पडली असेल अशी समजूत असेल, तर ती काढून टाकावी. मीटिंग बरोब्बर साडेसातला सुरू होते. आपल्या खुर्चीत आता धाकटे सर्जन बसतात. रात्रपाळीचा डॉक्टर डोळे चोळत, रात्रीत आलेली मोडकी हाडं एकेक करून पडद्यावर टाकतो. भूलतज्ज्ञ बाई कोणाला भूल झेपेल ते सांगतात आणि मी शेवटच्या खुर्चीत बसून दिवसाच्या ऑपरेशनांची यादी लिहिते. वर उघड्या जखमांची हाडं, मग लहान मुलं, मग बाकीचे, आणि तळाला आपले ते नेहमीचे दोन शब्द, "वेळ उरल्यास". चहा अजून तेवढाच पांचट असतो.

आता "आपण" पुरे. तुला "आपण" लिहिताना माझा हात आखडतो. चार वर्षं आपलं बोलणं नाही, तरी तू माझा पाठचा भाऊ आहेस आणि लहानपणी तुझं नाक मीच पुसलेलं आहे.

कामाचं सांगते. सोमवारी, दोन तारखेला संध्याकाळी साडेपाचला खुबा मोडलेली जी बाई आली, वय एक्क्याऐंशी, डावी बाजू, बेड अकरा, ती आपली आई होती. कपाटावरचा डबा काढायला स्टुलावर चढली होती. मी ड्यूटीवरून घरी आले तेव्हा ती जमिनीवर पडलेली, आणि मला बघून म्हणाली, "आधी गॅस बंद कर."

मंगळवारच्या मीटिंगमध्ये तू तिला तळाला टाकलंस. बुधवारी पुन्हा तळाला. गुरुवारी भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, छाती भरलीय, आज नको. शुक्रवारी धाकट्या सर्जननी ऑपरेशन केलं. शनिवारी तू ठरल्याप्रमाणे सहा महिन्यांसाठी त्या लांबच्या हॉस्पिटलात शिकवायला निघून गेलास.

तू म्हणशील, मला कोणी सांगितलं नाही. बरोबर आहे. नियम तुझाच. मीटिंगमध्ये नाव घ्यायचं नाही. बेड, वय, बाजू, हाड आणि येऊन किती तास झाले, एवढंच बोलायचं. नाव विचारायचं ते थिएटरच्या दारात, भूल देण्याआधी. कुण्या बड्या माणसाच्या भाच्याचं बोट आधी घेतलं गेलं, एका हमालाचा पाय मागे राहिला, आणि तो पाय शेवटी कापावा लागला. तेव्हा तू टेबलावर मूठ आपटून म्हणाला होतास, "हाडाला आडनाव नसतं!" ते वाक्य फळ्यावर मीच लिहिलं, चांगल्या अक्षरात. अजून कोणी पुसलेलं नाही. त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे कडू बोलायला मी मोकळी.

फाइलवरचं आडनाव बघून कोणा ज्युनियरला शंका आली नाही. आपलं आडनावच असं की या गावात दगड मारला तर चौघांना लागेल. आणि आईनेच मला बजावलं होतं, "त्याला सांगू नकोस. त्याचं त्याला कळू दे." मग मी तोंड कसं उघडणार?

एक कागद माझ्याकडे आला आहे. अठ्ठेचाळीस तासांच्या पुढे गेलेल्या प्रत्येक पेशंटचा फॉर्म भरून पुढच्या महिन्याच्या अखेरच्या मीटिंगला ठेवावा लागतो, तुला माहीत आहे. "विलंबाचे कारण" हा रकाना मी अजून रिकामा ठेवला आहे. आधी तुला विचारावं म्हटलं.

आपली आज्ञाधारक,
सिस्टर (सख्खी)


२० फेब्रुवारी

साहेब,

उत्तर नाही. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. तरी लिहिते, कारण मागच्या पत्रात मी जरा सभ्यपणा केला. तुला माहीत नव्हतं असं धरून चालले. आता धरत नाही.

मंगळवारी पडद्यावर बेड अकराचा फोटो आला. खुबा मोडलेला स्पष्ट दिसत होता, आणि शेजारी, कमरेच्या हाडावर, एक सेफ्टी पिन आणि तिला लटकलेली चावी. फोटो काढताना कपडे नीट बाजूला केले नव्हते. रात्रपाळीचा डॉक्टर ओशाळून हसला. तू हसला नाहीस. तू पडद्याकडे बघत राहिलास, इतका वेळ की भूलतज्ज्ञ बाईंनी घड्याळ बघितलं. कपाटाची चावी सेफ्टी पिनला अडकवून कमरेला खोचणारी बाई तुझ्या ओळखीत एकच आहे. त्या कपाटातला गूळ चोरायला तूच ती पिन काढायचास, ती झोपली की.

मग तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "किती तास?"

मी म्हटलं, "चौदा."

तू म्हणालास, "वेळ उरल्यास."

उघड्या जखमांचे दोन पाय आधी गेले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिसरं काय घेतलंस? एका पोराचं मनगट, जे प्लास्टरमध्ये आठवडाभर सुखाने राहिलं असतं. मनगट झालं आणि पाच वाजले, आणि एक्क्याऐंशी वर्षांची बाई, सकाळपासून "तोंडाने काही नको" अशी पाटी डोक्याशी लावून उपाशी पडलेली, तिला संध्याकाळी सांगितलं, "आजी, आज नाही हो जमलं." बुधवारी ती बस उलटली आणि पाच जण आले, तेव्हा पुन्हा तेच. पुन्हा उपाशी. पुन्हा "आजी, आज नाही हो."

चार वर्षांपूर्वीचं तू विसरला नाहीस, हे मला तेव्हाच कळलं. एका बाईचा मोडलेला हात उजवा, असं तू सगळ्यांसमोर म्हणालास. फाइलमध्ये डावा होता, मी डावा म्हणून वाचून दाखवला. ज्युनियर हसले. तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सिस्टर, तुमचं काम लिहायचं. वाचायचं काम आमचं." हॉस्पिटलात सगळे मला सिस्टर म्हणतात, ते ठीक. पण सख्ख्या बहिणीला तू तो शब्द असा फेकलास की त्यात बहीण कुठेच नव्हती. मी घरी येऊन रडले. आईने तुला फोन करून माफी माग म्हटलं. तू म्हणालास, हा कामाचा विषय आहे, घरात आणू नका. मग घरातच आला नाहीस. चार वर्षं आपण रोज सकाळी चार खुर्च्या सोडून बसलो आणि तू मला फक्त आकडे विचारलेस.

आई अजून बेड अकरालाच आहे. छाती सुधारतेय. पाठीला जखम झाली आहे, पडून पडून. ऑपरेशननंतर बडबडत होती. शनिवारी दुपारी म्हणाली, "तो दारात उभा होता. हातात बॅग होती." सारखं तेच. वॉर्डातल्या सिस्टरने कागदावर "गोंधळलेली" असं लिहिलं आणि झोपेचं औषध दिलं. मीच म्हटलं, द्या.

धाकटे सर्जन मला म्हणाले, "सिस्टर, कारणात 'थिएटर उपलब्ध नाही' लिहून मोकळ्या व्हा. झाकली मूठ सव्वा लाखाची." त्यांना आता कळलं आहे ती कोण ते. ते चांगले आहेत. चांगल्या माणसांचा मला हल्ली राग येतो.

सिस्टर


६ मार्च

छोट्या,

तुझं पत्र आलं. सहा ओळी. मी इतक्या वेळा वाचल्या की घडीवर कागद फाटला. त्यातल्या पाच इथे उतरवते, म्हणजे मी काय वाचलं ते तुला कळेल.

"ताई, चावी मी ओळखली. तू चौदा म्हणालीस आणि पुढे काही बोलली नाहीस, तेव्हा मला वाटलं, आईनेच नको म्हटलं असेल, तिला माझा हात लागायला नको असेल. तुझ्या पत्रावरून ते खरंच निघालं. मनगट आधी घेतलं, कारण खुबा आधी घेतला असता तर तो मी आईचा म्हणून घेतला असता. शनिवारी बॅग घेऊन वॉर्डाच्या दारापर्यंत आलो होतो, तिने डोळे उघडले तसा मागे फिरलो."

म्हणजे ती गोंधळलेली नव्हती. बॅगसुद्धा बरोबर होती. आणि मी तिला झोपेचं औषध द्यायला लावलं.

आता माझं ऐक. मधेच पत्र खाली ठेवू नकोस. आईने मला "त्याला सांगू नकोस" असं कधीच म्हटलं नाही. ते मी रचलं.

सोमवारी स्ट्रेचरवर असतानाच तिने विचारलं, "त्याला कळवलंस का?" मी म्हटलं, "कळवलंय. येतो म्हणाला." तिने डोळे मिटले आणि पहिल्यांदा कण्हायची थांबली. मंगळवारी उपाशी होती, ऑपरेशनसाठी कवळी काढून ठेवली होती, तर हट्टाने परत घालून घेतली. "तो येईल, त्याच्याशी बोळक्या तोंडाने बोलू का?" केस विंचरून घेतले. दर खेपेला दार वाजलं की मान वळवायची. बुधवारीही तेच. मला विचारायची, "त्याला फार काम असेल ना?" मी म्हणायची, "हो ना."

मी मीटिंगमध्ये एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. "ही आपली आई आहे." चार शब्द. तुझा नियम मोडला असता, ज्युनियर बघत राहिले असते, तू चिडला असतास किंवा रडला असतास, काहीही झालं असतं, पण ती मंगळवारीच थिएटरमध्ये गेली असती. आणि नाव न घेताही मला करता आलं असतं. छत्तीस तास उलटले की यादीवर बेड नंबरापुढे लाल खूण करणं हे माझं काम. लाल खूण झाली की तो पेशंट त्याच दिवशी पहिल्या तिनात घ्यावाच लागतो, हा नियमही तुझाच. बुधवारी सकाळी अडतीस तास झाले होते. लाल पेन माझ्या हातात होतं. मी टोपण काढलं आणि परत लावलं.

का, ते तुला विचारायचा हक्क आहे. मला तुला पकडायचं होतं. चार वर्षं मी घरी येऊन आईला सांगत होते की तो माणूस हाडं बघतो, माणसं बघत नाही. आता माझ्या हातात पुरावा येत होता. तू आपल्याच आईला तळाला टाकावंस आणि मग मी ते तुझ्या तोंडावर फेकावं. चार वर्षांनी हुकमाचा एक्का मिळाला होता. तो एक्का म्हणजे आई होती, एवढं मी बघितलं नाही.

तुझं तू बघ. मनगटाचं तू जे लिहिलंस ते वाचून मला तुझी कीव आली आणि राग पण आला. कुणाची बाजू घ्यायची नाही म्हणून आपल्याच आईवर अन्याय करायचा, असा न्याय कोणत्या शाळेत शिकवतात? पण मी तुला शिकवणारी कोण. आपलेच दात, आपलेच ओठ.

आई घरी आली आहे. वॉर्डातली एक मावशी दिवसभर सोबत असते. आज संध्याकाळी मी आईला सगळं सांगणार आहे.

ताई


१५ मार्च

छोट्या,

सांगितलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. तिने मला मधे तोडलं नाही. मी रडले तेव्हा "रडू नकोस" असंही म्हणाली नाही. शेवटी एकच विचारलं.

"म्हणजे तो दारात होता?"

"होता."

"बॅग घेऊन?"

"हो, आई."

तिने तोंड भिंतीकडे केलं. आज नऊ दिवस झाले, ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मावशीशी बोलते. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीशी बोलते, तिच्या लग्नाची चौकशी करते. मी खोलीत गेले की गप्प. मी दिलेलं पाणी पीत नाही, तेच पाणी मावशीने दिलं की पिते. काल कमरेची चावी काढून मावशीच्या हातात दिली, माझ्यादेखत.

तुला आठवतं का, आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून बाबा आईशी आठ महिने बोलले नव्हते? मांजराला सांगायचे, "जा, विचार चहा झाला का." आणि आई मांजरालाच उत्तर द्यायची, "म्हणावं, कपबशी धुतलेली नाही." आपण दोघं पांघरुणात तोंड घालून हसायचो. मला तेव्हा वाटायचं ते दोघं खेळतात. आता त्या मांजराची कीव येते. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असं आपलं घर.

तिच्या डोक्याशी बसून मी माफी मागितली. पाय दाबायला गेले तर चांगला पाय तिने ओढून घेतला. दुसरा ओढता येत नाही, म्हणून तो मी दाबत बसले. तिने दाबू दिला की नाइलाजाने सहन केला, मला कळलं नाही.

फॉर्म अजून टेबलावर पडून आहे. मीटिंग सत्तावीसला आहे.

ताई


२७ मार्च

छोट्या,

आज सकाळी महिनाअखेरची मीटिंग झाली. उशीर झालेल्या चार केसेस होत्या. तिसरी बेड अकरा. तुझ्या नियमाप्रमाणे नाव झाकलेलं. पडद्यावर पुन्हा तोच फोटो, खुबा, पिन आणि चावी. एक नवीन मुलगा आहे, त्याने पेन्सिल पडद्याकडे रोखली आणि विचारलं, "हे काय आहे? आत आहे की बाहेर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तपशील मीच सांगते ना.

मी उभी राहिले. चार वर्षांत मी त्या खोलीत उभी राहून काही बोलले नव्हते. म्हटलं, "बाहेर आहे. कपाटाची चावी आहे. माझ्या आईची." आणि मग तिचं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. नवीन मुलाने ते आडनाव ऐकून तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. आज धाकटे सर्जन तिच्यात बसले नव्हते, बाजूला बसले होते. का ते त्यांनी सांगितलं नाही.

ते म्हणाले, "कारणात थिएटर उपलब्ध नाही, असं धरूया का?"

मी म्हटलं, "नाही. भरलंय."

फॉर्मवर तीन कारणं छापलेली असतात. पेशंटची तब्येत, थिएटर आणि इतर. मी "इतर" वर खूण केली आहे आणि पुढच्या ओळीवर एक शब्द लिहिला आहे, "अबोला". भूलतज्ज्ञ बाईंनी कागद हातात घेतला, वाचला आणि पुढे दिला. कोणी हसलं नाही. नवीन मुलाने विचारलं, कोणाचा कोणाशी? मी म्हटलं, "यादी लिहिणाऱ्या सिस्टरचा आणि यादी ठरवणाऱ्या डॉक्टरांचा." लाल खूण केली नाही हेही सांगितलं. मेट्रनबाईंनी मला सोमवारी बोलावलं आहे. जे व्हायचं ते होईल, त्याची मला आता भीती नाही. मला भीती दुसरीच आहे.

आई आज वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत गेली. सात पावलं. व्यायामवाली मुलगी टाळ्या वाजवायला लागली. आई दारात थांबली आणि बाहेर बघत राहिली. मावशीने विचारलं, "आजी, काय बघता?" तर म्हणाली, "कोणी बॅग घेऊन उभं आहे का बघ." मावशीने मला हळूच खूण केली, डोक्याकडे बोट नेऊन. मी तिला म्हटलं, "नाही गं, डोकं ठिकाणावर आहे तिचं. लिहून घेऊ नकोस काही."

पण छाती परत वाजायला लागली आहे. ती खाते कमी. डॉक्टर म्हणतात, बघू. "बघू" म्हणजे काय ते तुला आणि मला चांगलं कळतं, आपण दोघांनी ते हजार लोकांना सांगितलेलं आहे.

फॉर्मवर खाली दोन सह्या लागतात, यादी लिहिणाऱ्याची आणि त्या दिवशी मीटिंग घेणाऱ्याची. माझी केली आहे. कागद टपालाने पाठवत नाही, सही करायला इथेच ये. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, मला सवय आहे. दारातून मागे फिरू नकोस, एवढंच.

आणि त्या मंगळवारी सकाळी जे मी बोलायला हवं होतं, ते आज बोलते. तू पडद्याकडे बघ, माझ्याकडे नको.

बेड अकरा नाही, घरी. वय एक्क्याऐंशी. डावा खुबा. आज संध्याकाळी साडेपाचला बाराशे बहात्तर तास झाले. पुढे लाल खूण केली आहे. आडनाव आपलंच आहे.

केव्हा घेतोस?

तुझी,
ताई